१९६०च्या वळणावर जगात काय घडत होते आणि आपल्या 'दक्षिण सातारा' जिल्ह्यात काय?

वारणाकाठ (वाळवा तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात घराची आवराआवर करताना सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. घडीवर विरलेला पिवळा कागद, कोपऱ्यात जांभळ्या शाईचा पुसट शिक्का आणि दाखला दिल्याची तारीख जून १९६० मधली. जिल्ह्याच्या रकान्यात टाकाने वळणदार अक्षरांत 'दक्षिण सातारा' असे लिहिलेले आहे. माझ्या सातवीतल्या मुलाने लगेच विचारले, "आजोबा सातारचे होते का?" मी त्याला सांगितले की, आजोबा इथलेच, याच घरातले. संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत या बाजूचा संस्थानी मुलूख एकत्र करून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६०च्या नोव्हेंबरात त्याचे नाव 'सांगली' झाले. म्हणजे आजोबांना दाखला मिळाला तेव्हा जिल्ह्याचे नाव बदलायला अजून पाच महिने अवकाश होता. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, दाखल्याच्या छापील मथळ्यात अजून 'मुंबई राज्य' आहे. महाराष्ट्र होऊन महिना उलटला होता, पण शाळेतले छापील कागद संपायचे होते.

आमच्या गावच्या वाचनालयात येत्या १ मे रोजी '१९५९ ते १९६१' या विषयावर बारा फलकांचे प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. या तीन वर्षांतल्या घटनांची यादी आम्ही केली आहे. क्यूबातली क्रांती, दलाई लामांचे भारतात येणे, आफ्रिकेतले नवे देश, चिलीचा भूकंप, लेसरचा शोध, रोमचे ऑलिम्पिक, सिरिमाओ बंदरनायके यांच्या रूपाने जगाला मिळालेली पहिली महिला पंतप्रधान, गागारिनचे उड्डाण, बर्लिनची भिंत, गोव्याची मुक्ती अशी ती लांबतच चालली आहे. परंतु वाचायला बसले की ती स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकासारखी वाटते. दाखल्यावरचे ते दोन शब्द पाहून माझ्या मनात जे हलले, ते या यादीत कुठेच नाही. यातले काय ठेवावे, काय गाळावे आणि जगातल्या घटना आपल्या गावाशी ओढूनताणून न जोडता कशा मांडाव्यात, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

माहुली संगम (सातारा) यांचे उत्तर

ताई, तुमच्या हाती आलेला दाखला हाच प्रदर्शनाचा पहिला फलक करा. त्याच्यासारखी सुरुवात शोधून सापडणार नाही.

मी इतिहास शिकवण्यात बत्तीस वर्षे घालवली आणि विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो की, एकाच दिवशी घडलेल्या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असतोच असे नाही. १ मे १९६० हेच उदाहरण घ्या. मध्यरात्री मुंबईच्या राजभवनात पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र राज्याचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी सकाळी पेशावरहून निघालेले अमेरिकेचे यू-टू हेरगिरी विमान सोव्हिएत रशियाने स्वेर्दलोव्स्कजवळ पाडले, वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत हाती लागला आणि पंधरवड्यात बड्या राष्ट्रांची पॅरिसची शिखर परिषद मोडली. शेजारी शेजारी ठेवल्यास या दोन घटना वाचकाला चकित करतात, पण त्यांना जोडणारा धागा कोणताच नाही. अशा योगायोगासाठी फलकाच्या कडेला दोन ओळी पुरेत.

धागा खरोखर आहे तो नावांचा. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. १ जानेवारीला कॅमेरून, एप्रिलअखेर टोगो, ३० जूनला काँगो, दुसऱ्याच दिवशी सोमालिया, १ ऑक्टोबरला नायजेरिया अशी रांगच लागली होती. ३ फेब्रुवारीला ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी केपटाउनच्या संसदेत उभे राहून या खंडावरून बदलाचे वारे वाहत असल्याची कबुली दिली. पुढच्याच महिन्यात, २१ मार्चला, त्याच दक्षिण आफ्रिकेत शार्पव्हिल येथे कृष्णवर्णीयांना जवळ बाळगाव्या लागणाऱ्या पासच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसे मारली गेली. वर्ष सरता सरता, १४ डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतींना स्वातंत्र्य देण्याचा जाहीरनामा संमत केला. नकाशावरची नावे परक्यांनी ठेवायची की तिथे राहणाऱ्यांनी, हा त्या वर्षाचा प्रश्न होता असे मला वाटते.

इथे एक खबरदारी घ्यावी. आपले राज्य मागणे आणि त्यांचे स्वातंत्र्य मागणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. आपण स्वतंत्र देशात, स्वतःच निवडलेल्या सरकारकडे भाषेचे राज्य मागत होतो. तरीही ती मागणी सोपी गेली नाही. शंभराहून अधिक माणसे हुतात्मा झाली. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने केलेली प्रचंड निदर्शने आमच्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडून मी लहानपणी अनेकदा ऐकली आहेत. निदर्शने झाली त्या पसरणीच्या घाटाचे नाव निघाले की आमचे वडील ताठ बसत. त्या दिवशी यजमान असलेले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण जुन्या सातारा जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे. ते गाव आज तुमच्या सांगली जिल्ह्यात आहे. महाराष्ट्राचा मंगल कलश पुढे त्यांच्याच हातून आला. आंदोलक या मातीतले आणि ज्यांच्याकडे मागणी करायची तेही या मातीतले, हे त्या काळचे अवघडलेपण फलकावर यायला हवे.

दशक काटेकोर हिशेबाने १९६१ला सुरू होते, असे कोणी तरी म्हणेलच. तुम्ही तीन वर्षे घेतली आहेत, त्यामुळे तो वाद उद्भवत नाही.

आणखी एक. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर भाऊराव पाटील गेले. तुमच्या सासऱ्यांच्या पिढीतल्या कितीतरी मुलांच्या हाती शाळेचा दाखला पडला तो त्यांच्या रयत शिक्षण संस्थेमुळे. त्यांना वगळून हे प्रदर्शन होऊ शकत नाही.

जुनी पाने (मिरज) यांचे उत्तर

माहुली सरांनी नावांचा धागा सांगितला, मी पुस्तकांचा सांगतो. तुमच्या यादीत एकही पुस्तक नाही याचे मला वाईट वाटले, कारण १९५९ हे वर्ष आपल्या जिल्ह्याने मराठी साहित्याला दिले आहे.

त्या एका वर्षात दोन कादंबऱ्या आल्या. सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची 'ययाति' आणि तुमच्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा'. 'ययाति'ला १९६० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे मराठीतले पहिले ज्ञानपीठ खांडेकरांकडे आले. 'फकिरा'ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. एका पुस्तकात महाभारतातला राजा उपभोगाची तहान भागत नाही म्हणून पोटच्या पोराचे तारुण्य मागतो. दुसऱ्यात मांग समाजातला तरुण दुष्काळात तडफडणारी माणसे जगवण्यासाठी इंग्रजांच्या राज्यात धान्य लुटतो. एकाच मातीतल्या दोन लेखकांना एकाच वेळी भुकेबद्दलच लिहावेसे वाटले, पण त्या दोन भुका किती वेगळ्या! मी ही दोन्ही पुस्तके कॉलेजात असताना एका सुट्टीत पाठोपाठ वाचली आणि त्यानंतर बरेच दिवस दुसरे काही हातात धरवले नाही.

आता जगाकडे पाहा. 'फकिरा'च्या आदल्या वर्षी, १९५८ साली, नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. गोरा साहेब आणि त्याचा धर्म गावात शिरल्यावर एका इग्बो गावाची घडी कशी विस्कटते, हे त्या गावातल्या माणसाच्या डोळ्यांनी सांगणारी ती कादंबरी. दोन वर्षांनी नायजेरिया स्वतंत्र झाला. अचेबे आणि अण्णाभाऊ एकमेकांना ओळखत नव्हते. अचेबे विद्यापीठात शिकलेले आणि इंग्रजीत लिहिणारे, अण्णाभाऊंना शाळा जवळजवळ लाभलीच नाही. तरी दोघांनीही एकच काम केले. ज्यांना सरकारी दप्तरात गुन्हेगार किंवा रानटी म्हणून नोंदवले होते, त्यांची हकिगत त्यांच्या बाजूने लिहिली. अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९६१ साली ते रशियाला जाऊन आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गागारिन अवकाशात गेला होता. माझ्या मते गागारिनचा फलक करण्यापेक्षा अण्णाभाऊंच्या रशियाच्या वारीचा फलक करावा आणि गागारिन त्यात आपसूक येऊ द्यावा.

कोयनाखोरे (मूळ जावळी, हल्ली कराड) यांचे उत्तर

वारणाकाठ ताई, तुमच्या यादीत नसलेली एक तारीख सुचवतो. ९ जानेवारी १९६० रोजी इजिप्तमध्ये नासर यांनी नाईल नदीवरच्या आस्वान धरणाचा शुभारंभ केला. हे धरण झाले की नुबियाचा सगळा मुलूख पाण्याखाली जाणार हे उघड होते. म्हणून ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने तिथली प्राचीन मंदिरे वाचवण्यासाठी साऱ्या जगाला हाक दिली. देशोदेशींनी पैसा दिला, तज्ज्ञ पाठवले. आपल्या पुरातत्त्व खात्याचे पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नुबियात उत्खननाला गेले होते. अबू सिंबेल येथली दुसऱ्या रामसेसची डोंगरात कोरलेली मंदिरे हजारावर तुकड्यांत कापून सुमारे ६५ मीटर उंचावर नेऊन पुन्हा उभी केली गेली. ते काम १९६८ साली पुरे झाले. जागतिक वारसा ही आज आपण सहज वापरतो ती कल्पना त्या मोहिमेतून आकाराला आली.

हे सांगण्याचे कारण असे की, त्याच वर्षांत आमच्या खोऱ्यात कोयनेचे धरण चढत होते. माझ्या आजोळचे गाव बुडिताखाली गेले. मला ते गाव आईच्या सांगण्यातूनच माहीत आहे. १९६० म्हटले की तुम्हाला महाराष्ट्र आठवतो, माझ्या आजोबांना मात्र उभ्या नाचणीच्या शेतातून निघालेली शेवटची बैलगाडी आठवे. निघताना गावकऱ्यांनी भैरोबाचा तांदळा देवळाच्या गाभाऱ्यातून काढला, नव्या धोतरात गुंडाळला आणि घरटी एका माणसाने पाळीपाळीने डोक्यावरून वाहून नेला. गाडीत ठेवायचा नाही, असे ठरले होते. देशावर ज्या माळावर जमीन मिळाली, तिथे झाड म्हणून एकच चिंच होती. देव तिच्या बुंध्याशी ठेवला. डोंगरातल्या माणसांना ज्वारी कशी पेरायची हेही ठाऊक नव्हते. जमिनीचे कागद नावावर होण्यासाठी आजोबांनी एका सरकारी कार्यालयात इतके हेलपाटे घातले की, तिथल्या शिपायाच्या घरचे लग्नकार्यही त्यांना ठाऊक असे. निम्म्या जमिनीचा सातबारा आजोबांच्या हयातीत झाला, उरलेल्या जमिनीचा मामांनी करून घेतला.

धरण नको होते, असे मी म्हणत नाही. कोयनेच्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने उभे राहिले आणि आजही कराडात माझ्या घरी दिवा लागतो तेव्हा मला त्याची जाणीव असते. पण नुबियाच्या मंदिरांसाठी जग धावले आणि त्याच नुबियातून उठलेल्या लाखभर माणसांची नावे कोणाच्या लक्षात राहिली नाहीत, तसेच आमचे झाले. आमच्याकडे तर मंदिरासाठीही कोणी आले नाही, ते आमचे आम्हीच उचलले. कडक उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की जुन्या देवळाची जोती आणि पायऱ्या वर येतात. दोन वेळा मी मामांबरोबर होडीतून तिथे जाऊन आलो आहे. मामा पायरीवरचा गाळ हाताने पुसतात, पाचवी पायरी चिरलेली आहे ना ते पाहतात आणि मगच नारळ फोडतात.

चिलीचा भूकंप तुम्ही यादीत ठेवला आहे, तो राहू द्या. २२ मे १९६०चा तो भूकंप ९.५ तीव्रतेचा होता आणि आजवर मोजलेल्या भूकंपांत सर्वांत मोठा आहे. सात वर्षांनी, ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरले, तेव्हा भूकंप म्हणजे काय हे आपल्या लोकांना दुसऱ्या देशाच्या बातमीतून समजून घ्यावे लागले नाही.

जतकर यांचे उत्तर

मी थोडक्यात लिहितो. आमच्या दुष्काळी पट्ट्याच्या दृष्टीने १९६० मधल्या दोन तारखा महत्त्वाच्या आहेत. १ एप्रिलला अमेरिकेने टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह सोडला. तो ७८ दिवसच चालला, परंतु ढग वरून कसे दिसतात हे माणसाने त्या वेळी पहिल्यांदा नियमितपणे पाहिले. आज मृगाच्या आधी आम्ही मोबाइलवर ढगांची चित्रे पाहतो, त्याचा उगम तिथे आहे. दुसरी तारीख ४ मेची. महाराष्ट्र होऊन तीनच दिवस झाले होते, तेव्हा केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासह धान्याचा करार केला. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ अमेरिकेकडून घ्यायचा आणि किंमत रुपयांत चुकवायची, असे ठरले. त्याच वर्षांत शेजारी चीनमध्ये दुष्काळ आणि चुकीच्या धोरणांनी कोट्यवधी माणसे मेली, ते जगाला नीटसे कळलेही नाही. 'फकिरा'चा फलक लावाल, त्याच्या शेजारी हा लावा.

घरात तीन पिढ्या फौजी (सातारा) यांचे उत्तर

आमच्याकडे घरटी एक जण सैन्यात असतो, म्हणून काँगोबद्दल लिहितो. वर माहुली सरांनी ३० जूनला काँगो स्वतंत्र झाल्याचे लिहिले आहे, पण ती गोष्ट तिथे संपत नाही. आठवडाभरात तिथल्या फौजेत बंड झाले, ११ जुलैला खाणींचा श्रीमंत कटांगा प्रांत फुटून निघाला आणि १७ जानेवारी १९६१ रोजी पदच्युत पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची हत्या झाली. संयुक्त राष्ट्रांच्या विनंतीवरून भारताने १९६१ साली तिथे पूर्ण ब्रिगेड पाठवली. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे गुरखा पलटणीचे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यानंतर दोनच आठवड्यांत आपल्या फौजा गोव्यात शिरल्या आणि १९ डिसेंबरला साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. एकाच महिन्यात आपला जवान आफ्रिकेत दुसऱ्यांच्या देशाचे तुकडे होऊ नयेत म्हणून लढत होता आणि घरच्या अंगणातली वसाहतही संपवत होता. त्याच वर्षी २३ जूनला देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात सुरू झाली. हे तीन प्रसंग एका फलकावर मावतील.

ऑलिम्पिकचा फलक करणार असाल, तर मिल्खा सिंग यांच्या चौथ्या क्रमांकाबरोबर इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांना विसरू नका. ज्या इटलीने त्यांचा देश पादाक्रांत केला होता, तिच्याच राजधानीत १० सप्टेंबरच्या रात्री मशालींच्या उजेडात ते अनवाणी मॅरेथॉन धावले आणि जिंकले. इटलीने इथिओपियातून उचलून नेलेला अक्सुमचा स्तंभ त्या वाटेवरच उभा होता. आठ वर्षे आधी आमच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक मिळवले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. गावोगाव वर्गणी गोळा करून ते गेले होते. साताऱ्याच्या पोरांना बिकिलाचे अनवाणी पाय लगेच समजतील.

वारणाकाठ यांचे पुन्हा

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल वाचनालयात बसून आम्ही जुनी यादी बाजूला ठेवली. लेसर आणि क्यूबा गळाले. बर्लिनच्या भिंतीबद्दल बराच वाद झाला आणि अखेर ती ठेवली, कारण आमच्या ग्रंथपालकाकांचे म्हणणे असे पडले की, घराच्या दारातून रेघ गेली म्हणजे काय होते हे जत आणि मिरज भागातल्या राज्याच्या सीमेवरच्या माणसांना कळते. माहुली सरांच्या कसोटीला ते उतरते की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही, त्यांनी जरूर कळवावे.

'ययाति' आणि 'फकिरा' एका फलकावर, त्यांच्या खाली अचेबे आणि शेजारी जतकरांचा धान्याचा करार, असे ठरले आहे. काँगो, गोवा आणि सैनिक शाळा एकत्र. कर्मवीरांचा फलक दाखल्याच्या लगोलग येईल. दाखला मूळच ठेवायचा आहे, छायाप्रत नाही. मुलाने त्यासाठी काचेची चौकट करून आणली आहे आणि 'मुंबई राज्य' व 'दक्षिण सातारा' या दोन्ही नावांकडे बोट दाखवून पाहुण्यांना समजावून सांगण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे.

कोयनाखोरे दादा, तुमचे उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. त्यांच्या माहेरच्या शिवारात कोयनेकडून उठून आलेली पाच-सहा घरे होती, त्यांना सगळे 'धरणवाले' म्हणत, नावाने कोणी हाक मारत नसे, असे त्यांनी प्रथमच सांगितले. अबू सिंबेलच्या फलकावर अर्धी जागा मी रिकामी ठेवली आहे. चिंचेखालच्या भैरोबाचे किंवा त्या चिरलेल्या पाचव्या पायरीचे छायाचित्र मिळू शकेल का? आणि मामांची हरकत नसेल, तर बुडालेल्या गावाचे नावही कळवावे, म्हणजे ते फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिता येईल.